फ्रेंच भाषकांना ‘पिक अप’ कसं समजवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समध्ये मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. मराठी ओळखीपाळखीतून मला सतत प्रश्न येतात. कुणी पुण्याहून ऑनलाइन फ्रेंच लोकांचे तास घेतं, कुणी लग्न होऊन इकडे आलंय आणि नवऱ्याचं इंग्रजी सुधारू बघतंय, कुणी मॉरिशसमध्ये शाळेत शिकवतं. गाडी हमखास अडते ती दोन शब्दी क्रियापदांवर, आणि त्यातही ‘पिक अप’वर. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. इंग्रजी आणि फ्रेंच शब्द कानाला येतात तसे देवनागरीत दिले आहेत.

१. ‘पिक अप’ला एकच फ्रेंच शब्द सांगता येईल का?

नाही, आणि सांगूही नका. एकदा एक शब्द डोक्यात बसला की तो काढायला महिने जातात.

मी पहिल्या दिवशी खडू मुद्दाम खाली टाकते. पुढच्या बाकावरचं कुणीतरी वाकून उचलून देतं. ‘व्हॉट डिड यू डू?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आय टुक द चॉक.’ मग मी फळ्यावर लिहिते, ‘यू पिक्ड इट अप’, आणि तीच हालचाल सगळ्यांना करायला लावते: वस्तू आहे तिथवर हात न्यायचा, ती धरायची, आपल्यासोबत घ्यायची. बहुतेक अर्थ याच हालचालीतून फुटलेले आहेत.

इंग्रजी ही एकच हालचाल नाना गोष्टींवर वापरतं. फ्रेंच मात्र गोष्ट बदलली की क्रियापद बदलतं. जमिनीवरचा खडू असेल तर ‘रामासे’. स्टेशनवरचा पाहुणा असेल तर ‘आले शेर्शे’ किंवा ‘पासे प्रांद्र’. फोन असेल तर ‘देक्रोशे’. रेडिओचा सिग्नल ‘काप्ते’, सर्दी ‘आत्रापे’, मजकुरातली चूक ‘रलव्हे’, अर्धवट राहिलेली गोष्ट ‘रप्रांद्र’, आणि वेग असेल तर साधं ‘प्रांद्र’. त्यामुळे विद्यार्थ्याला सवय लावायची ती ‘काय’ पिक अप केलंय हे आधी बघण्याची. कर्म कळलं की अर्थ बहुधा कळतो.

२. पण फ्रेंच माणसाला हे इतकं जड का जातं? जर्मन माणूस तर पटकन शिकतो.

जर्मन भाषेत अशी सुटी होणारी क्रियापदं आहेतच, त्यामुळे त्याला हे घरचंच वाटतं. फ्रेंचची घडण वेगळी. एक उदाहरण घ्या. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानाने इंग्लिश खाडी पार केली. इंग्रजी म्हणतं ‘ब्लेरिओ फ्ल्यू अक्रॉस द चॅनल’. उडण्याची रीत क्रियापदात, आणि पलीकडे जाणं त्या छोट्या शब्दात. फ्रेंच उलट करतं: ‘ब्लेरिओ त्राव्हेर्सा ला मांश आं आव्हियों’. पार करणं क्रियापदात, आणि विमान मागून येतं. भाषांतर शिकवणारे फ्रेंच लोक या अदलाबदलीला ‘शासे-क्रुआझे’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी जगभरच्या भाषांची याच फरकावरून विभागणी केली आहे: दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या आणि दिशा बाहेर ठेवणाऱ्या.

आता आपलं वाक्य बघा. ‘ब्लेरिओने विमानाने खाडी ओलांडली.’ आपण इथे फ्रेंचांच्याच बाजूला आहोत. विद्यार्थ्याला हे जरूर सांगा. शिकवणाऱ्यालाही एकेकाळी हेच अवघड गेलं होतं, हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलतो.

दुसरं कारण शब्दसंपत्तीचं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा पूर आला. म्हणून ‘पोस्टपोन’, ‘डिस्कव्हर’, ‘कलेक्ट’ हे फ्रेंच माणसाला ओळखीचे वाटतात. ‘पुट ऑफ’, ‘फाइंड आउट’, ‘पिक अप’ परके. तो ओळखीच्या शब्दांवरच राहतो, आणि त्याचं इंग्रजी बरोबर असूनही सरकारी पत्रासारखं ऐकू येतं.

‘तुमच्या भाषेत असलं काहीच नाही’ असं मात्र म्हणू नका. बोलीभाषेतलं ‘इल मे तोंबे दस्यू’, म्हणजे तो माझ्यावर तुटून पडला, हे त्याच नात्यातलं आहे. कॅनडातल्या आकादियन फ्रेंचमध्ये तर इंग्रजीतून उचललेलं ‘व्हनिर बॅक’ सर्रास ऐकू येतं.

३. शिकवताना मराठीचा काही उपयोग होतो का?

खूप होतो. आपलं ‘उचलणे’ हे ‘पिक अप’च्या फार जवळ जातं, कुठल्याही एका फ्रेंच क्रियापदापेक्षा जवळ. खडू उचलला, फोन उचलला, दुकानातून माल उचलला, पोलिसांनी त्याला रात्री उचललं, पोरानं शेजाऱ्यांची बोली बरोब्बर उचलली. पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. शिवाय धंद्याने उचल खाल्ली, बाजाराने उचल घेतली. इंग्रजीतही धंदा ‘पिक अप’ होतो.

जिथे आपलं उचलणं तुटतं त्या जागा आधी स्वतःसाठी लिहून ठेवा. माणसाला स्टेशनवरून आपण उचलत नाही, घ्यायला जातो. सर्दी धरते. गाडी वेग घेते. हे सगळं तुमच्या तयारीसाठी. विद्यार्थ्याला मराठी शिकवत बसू नका. पण कुठला अर्थ मूळ हालचालीपासून किती दूर गेलाय याचा अंदाज तुम्हाला चटकन येईल.

४. माझी विद्यार्थिनी म्हणते, ‘आय विल रेक्युपरेट यू ॲट द स्टेशन.’ हे कुठून आलं?

थेट ‘रेक्युपेरे’मधून. रोजच्या फ्रेंचमध्ये मुलाला पाळणाघरातून, पार्सल टपाल कचेरीतून, मैत्रिणीला स्टेशनवरून ‘रेक्युपेरे’ करतात. इंग्रजीत ‘रेक्युपरेट’ म्हणजे आजारातून उठणं, आणि तेही कुणा दुसऱ्याला करता येत नाही. याच घरातली दुसरी चूक आहे ‘आय सर्च माय चिल्ड्रन ॲट स्कूल’. ‘शेर्शे’ म्हणजे शोधणं. पण ‘आले शेर्शे’ म्हणजे जाऊन घेऊन येणं. इंग्रज माणसाला ऐकताना वाटतं, मुलं हरवली की काय!

माझ्या वर्गात एक परिचारिका होती. तिने मोबाइलवर ब्रिटिश मैत्रिणीसाठी ठेवलेला निरोप आम्हाला ऐकवला. सहा वाजता स्टेशनवर येते, असं साधंच सांगायचं होतं. चार वाक्यांत दोनदा ‘रेक्युपरेट’. मी तिला चूक सांगितली नाही. एवढंच म्हटलं, की तुझ्या इस्पितळात हा शब्द पेशंटबद्दल वापरतील. ती थांबली, तोच निरोप पुन्हा म्हणाली, या वेळी ‘आय विल पिक यू अप’, आणि मग स्वतःच तीन-चार वाक्यं जोडली: मुलगा, औषधं, केक. त्या दिवसापासून हा अर्थ मी निरोप ठेवायला लावूनच शिकवते. निरोपात जागा, वेळ आणि माणूस आपोआप येतात, आणि ‘पिक अप’ला नेमकं तेच लागतं.

५. ‘पिक इट अप’ की ‘पिक अप इट’? नियम काय?

कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द चॉक’, ‘पिक द चॉक अप’. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच जातं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘काल तू टेबलावर विसरलेली ती निळी वही’ असं काही, तर ‘अप’ आधी उरकून घ्यावं, नाहीतर ऐकणारा ताटकळतो.

फ्रेंच सर्वनाम क्रियापदाच्या आधी बसतं: ‘ज ल रामास’. त्यामुळे इंग्रजीत ते नेमकं कुठे टाकायचं हे त्यांना कळेनासं होतं, आणि सुरक्षित म्हणून ते शेवटी टाकतात. समजावून फारसा फरक पडत नाही. ‘पिक इट अप, पिक देम अप, पिक मी अप’ हे पाढ्यांसारखं म्हणवून घ्या. ‘पिक अप ऑन’ला हा नियम लागू नाही, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

६. नुसतं ‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांत फरक काय? विद्यार्थी सारखा ‘पिके’शी जोडतो.

फ्रेंच ‘पिके’ म्हणजे टोचणं, डंख मारणं, आणि बोलीत चोरणं. सायकल चोरीला गेली की तक्रार याच शब्दात होते. ‘पिकपॉकेट’ हा इंग्रजी शब्द फ्रेंचमध्येही रुळला आहे, त्यामुळे तो समज पक्का होतो. ‘पिक अप’मध्ये चोरीचा वास नाही, हे स्पष्ट सांगून टाका.

नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं, किंवा झाडावरून तोडणं, खुडणं. फ्रेंचमध्ये ‘शुआझिर’ आणि ‘कयिर’. फरक फुलांवरून छान कळतो. ‘पिक फ्लॉवर्स’ म्हणजे झाडावरची फुलं तोडणं. ‘पिक अप फ्लॉवर्स’ म्हणजे खाली पडलेली वेचणं, किंवा घरी जाता जाता दुकानातून घेणं. आपल्याला हे शिकवावंच लागत नाही: जास्वंद तोडतात, पारिजात वेचतात. सकाळी अंगणभर पडलेला केशरी देठांचा सडा आणि ओंजळीत एकेक फूल घेणारी आजी, ते ‘पिक अप’. पारिजाताच्या झाडाला कुणी हात लावला असता तर ते ‘पिक’ झालं असतं.

७. भाषा ‘पिक अप’ करणं आणि ‘लर्न’ करणं एकच का?

नाही. ‘पिक अप’मध्ये ठरवून अभ्यास नसतो; कानावर पडत पडत, काम करता करता आलेलं असतं. ‘मी सात वर्षं शाळेत इंग्रजी पिक अप केलं’ हे इंग्रज कानाला विचित्र वाटतं. बाजारात भाजी घेता घेता आलेली चार वाक्यं मात्र ‘पिक अप’ केलेली. कामाच्या बाबतीत फ्रेंचमध्ये ‘आप्रांद्र स्यूर ल ता’ म्हणतात, म्हणजे काम करता करताच शिकणं. सवयीही अशाच येतात, चांगल्या नि वाईट दोन्ही.

८. ‘वारा पिक अप झाला’ आणि ‘हवा पिक अप झाली’ यांचे अर्थ उलटे कसे?

हा प्रश्न एका मॉरिशसच्या शिक्षिकेचा, आणि तिकडे वाऱ्याचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणजे वारा वाढतोय. ‘द वेदर इज पिकिंग अप’ म्हणजे हवा सुधारतेय, उघडीप होतेय. इथे कर्म नाही, कर्ता स्वतःच वर चढतोय. वाऱ्याच्या बाबतीत चढतो तो जोर. हवेच्या, धंद्याच्या, विक्रीच्या बाबतीत चढते ती स्थिती. फ्रेंचमध्ये वारा वाढला की ‘ल व्हां फोर्सी’, हवा सुधारली की ‘सा सारांज’. विद्यार्थ्याला विचारायला शिकवा: काय वर गेलं, जोर की स्थिती?

९. निदान काही अर्थांना तरी एक फ्रेंच क्रियापद नाही का?

आहे, आणि ते सापडल्यावर मला फार आनंद झाला होता: ‘रप्रांद्र’. धंदा पुन्हा चालू लागला, ‘लेझाफेर रप्रेन’. काल जिथे थांबलो तिथून पुढे, ‘रप्रांद्र’. कुणाला बोलताना टोकून चूक दाखवली, ‘रप्रांद्र केल्कां’. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ बसतं. पडल्यावर स्वतःला सावरून उठणं, म्हणजे ‘पिक वनसेल्फ अप’, याला मात्र ‘स रलव्हे’.

मी फळ्यावर तीन खण करते: रामासे, रप्रांद्र, रलव्हे. हाताने धरण्याचे अर्थ पहिल्यात, पुन्हा सुरू होण्याचे दुसऱ्यात, नजरेने टिपण्याचे आणि पडून उठण्याचे तिसऱ्यात. उरतात ती वेगळी पाठ करायची: देक्रोशे, काप्ते, आले शेर्शे. यादी बरीच आटोपशीर होते.

१०. ‘पिक अप ऑन’ आणि ‘पिक समवन अप ऑन’?

‘पिक अप ऑन’चे दोन अर्थ. एक, न बोललेली गोष्ट ताडणं: तिचा सूर बदलला हे त्याने ‘पिक अप ऑन’ केलं. दुसरा, कुणाच्या बोलण्याचा धागा पकडून पुढे बोलणं. फ्रेंच बैठकांत यासाठी ‘रबोंदिर स्यूर’ इतकं चालतं, की विद्यार्थी सरळ ‘आय वुड लाइक टू रीबाउंड ऑन’ म्हणून मोकळे होतात. तिथे ‘पिक अप ऑन’ द्या. यात कर्म नेहमी ‘ऑन’च्या मागे, सर्वनाम असलं तरी.

‘पिक समवन अप ऑन समथिंग’ म्हणजे त्या माणसाला त्या गोष्टीवरून टोकणं. ब्रिटिशांत जास्त ऐकू येतं.

११. ‘आय पिक्ड अप अ गर्ल’ म्हटल्यावर लोक हसले. का?

कारण अनोळखी माणसाला पटवणं हाही ‘पिक अप’चा अर्थ आहे, फ्रेंचमध्ये ‘द्रागे’. ‘अ गर्ल’, ‘अ गाय’ असं अनोळखी कर्म आणि संध्याकाळची वेळ आली, की ऐकणारा तिकडेच जातो. ‘माय सिस्टर’, ‘माय कलीग’ असं नातं सांगितलं, किंवा ‘फ्रॉम द स्टेशन’ जोडलं, की संशय मिटतो. मोठ्या माणसांच्या वर्गात हा अर्थ लपवू नका. लपवला तर तो कुणाच्या तरी साहेबांसमोर उघडा पडतो.

१२. फ्रेंचमध्येही ‘पिक-अप’ शब्द आहे ना? आणि आपल्याकडचा पिकअप?

नाम दोन्हीकडे गेलं, क्रियापद गेलं नाही. जुन्या पिढीच्या फ्रेंच माणसाला ‘पिकप’ म्हटलं की तबकडी वाजवणारं यंत्र आठवतं, कारण तबकडीवरचे सूर टिपणाऱ्या भागाचं ते नाव होतं. तरुणांना मागे उघडा हौदा असलेली गाडी आठवते. आपल्याकडे गावातून टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीत जाणारा तो पिकअप.

‘गाडीला पिकअप नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा फ्रेंच माणूस म्हणतो की तिला ‘रप्रीझ’ नाही. रप्रीझ हे रप्रांद्रचंच नाम! प्रश्न ९ मधला खण इथेही कामाला येतो.

१३. उच्चारात काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. ‘पिक’मधला इकार ऱ्हस्व आणि सैल; फ्रेंच लोक तो ताणून ‘पीक’ करतात, आणि इंग्रजीत ते शिखर होतं. आपणही सांभाळावं, आपल्या तोंडीही शेतातलं पीक बसलेलं असतं. दुसरी गोष्ट आघाताची: क्रियापदात जोर ‘अप’वर, नामात ‘पिक’वर. शब्द एकमेकांत ओवून ‘पि-कप’ म्हणणं फ्रेंचांना छान जमतं, कारण त्यांची भाषा ओवूनच बोलली जाते. तिथे त्यांचं कौतुक करा.

१४. परीक्षेत किंवा कामाच्या मेलमध्ये ‘पिक अप’ लिहिलं तर चालतं का?

चालतं. फ्रान्समध्ये अभियांत्रिकी पदवीसाठी इंग्रजीची बी२ पातळी (युरोपातल्या भाषा-पातळ्यांमधली वरची मध्यम) दाखवावी लागते, आणि बरेच विद्यार्थी त्यासाठी टोइक ही इंग्रजीची परीक्षा देतात. ९९० पैकी ७८५ गुण म्हणजे बी२. त्यातल्या ऐकण्याच्या भागात पार्सल घ्यायला येणं, पाहुण्याला विमानतळावरून आणणं असे प्रसंग येतात, त्यामुळे न समजण्याची सोय नाही. मेलमध्ये माणसांसाठी आणि सामानासाठी ‘पिक अप’ बिनधास्त लिहावं. करारात ‘कलेक्ट’ बरं.

१५. अमेरिकन आई मुलाला ‘पिक अप युअर रूम’ म्हणते. खोली कशी उचलणार?

खोली आवर, एवढंच. फ्रान्समध्ये ‘रांजे’ म्हणतील. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेकमध्ये मात्र खोली ‘रामासे’ करतात, म्हणजे तिथला विद्यार्थी अडणारच नाही. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्याचा पसारा आवरणं. कुत्र्यासोबत फिरायला जाणाऱ्यांसाठीच्या पाट्यांवर तेच लिहिलेलं असतं.

१६. ‘पिक अप द बिल’, ‘पिक अप द पीसेस’ हेही शिकवायचं का?

पहिलं शिकवा: टेबलावरचं बिल ज्याने उचललं त्याने पैसे भरले, चित्र समोर दिसतं. दुसरं म्हणजे मोडलेलं पुन्हा उभं करणं. फ्रेंच ‘रकोले ले मोर्सो’, तुकडे पुन्हा चिकटवणं. तेही सहज पटतं.

१७. मग कुठल्या क्रमाने शिकवू?

माझा क्रम असा: खडू, पार्सल, माणूस, फोन. हे चार पहिल्या दोन तासांत. मग भाषा आणि सर्दी, कारण दोन्ही नकळत लागतात. धंदा-हवा-वारा त्यानंतर, आणि ‘पिक अप ऑन’ सगळ्यात शेवटी. वहीत अर्थ लिहू देऊ नका, पूर्ण वाक्य लिहू द्या, आणि कर्माखाली रेघ.

१८. नुसतं ‘शी पिक्ड अप’ असं वाक्य आलं. कर्म नाही, हवा नाही, धंदा नाही. काय समजायचं?

मागचं-पुढचं वाचा. आधी फोन वाजत असेल तर तिने तो घेतला. फ्रेंचमध्येही ‘एल आ देक्रोशे’ असं कर्माशिवाय म्हणता येतं, आपणही ‘उचल ना’ एवढंच म्हणतो. आधी आजारपण असेल तर तिला बरं वाटू लागलं.

प्रश्न ४ मधल्या परिचारिकेला मी हेच वाक्य दिलं होतं. तिने जरा विचार करून फ्रेंचमध्ये सांगितलं, ‘एल रप्रां दे फोर्स’, अंगात पुन्हा ताकद येतेय. खण तिनेच ओळखला. मग तिने वही उघडली, सोमवारपासून तिच्या वॉर्डात सुधारत असलेल्या आजींबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. त्यात ‘पिक अप’ अगदी जागच्या जागी होतं.